कोरडं प्रॅक्टिकल

नववीत आम्ही साठाच्या वर होतो. केदारखेड्याच्या अंगानं येणारी पोरं सायकलवर यायची, एका सायकलवर तीन तीन. हसनाबादच्या अंगानं येणारी पायी यायची आणि आल्या आल्या रांजणातलं पाणी संपवायची. आम्ही मुली दोन बाकांवर मावू इतक्याच. सत्तरच्या दशकातली गोष्ट, तेव्हा आमचा भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना म्हणजे बाजाराचं गाव. जिल्हा वगैरे फार पुढं झाला.

शाळेला प्रयोगशाळा होती. म्हणजे मुळात ती सरकी ठेवायची खोली होती. गावातल्या एका व्यापाऱ्यानं ती शाळेला दिली, तेव्हा दारावर पाटी लागली आणि आत एक लांब टेबल आलं. एकच खिडकी, गजांची. एकच दार, तेही आत उघडणारं. फळीवर बाटल्या होत्या, पण आधीचे विज्ञानाचे मास्तर प्रयोग फळ्यावरच करत. खडूनं नळी काढायचे, खडूनं ज्योत काढायचे आणि म्हणायचे, "आता इथून वायू निघाला समजा." आम्ही समजायचो.

मग दिवाळीनंतर नवे सर आले. जाफराबादच्या बाजूचे, औरंगाबादेत राहून बी.एस्सी. झालेले, सडपातळ अंगाचे. आई-वडील दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणारे, बौद्ध कुटुंब, आणि घरात कॉलेजात गेलेले हे पहिलेच. गावात त्यांना खोली मिळायला महिना लागला. तोवर ते शाळेच्याच एका कोपऱ्यात झोपायचे. कदाचित त्यामुळंच त्यांनी सगळ्या बाटल्या पुसून, नावं लावून ठेवल्या. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "उद्या प्रॅक्टिकल."

त्या दिवशी हजर होतो ते आम्ही सगळेच्या सगळे त्या खोलीत घुसलो. टेबलाभोवती थोराड पोरं, त्यांच्यामागं मधली, मग बारकी, आणि भिंतीला चिकटून आम्ही मुली. त्या पहिल्या प्रयोगातून मी एवढंच शिकले, की आमच्या वर्गातल्या पोरांच्या सदऱ्यांना मागून कुठं कुठं ठिगळं आहेत. माझी मैत्रीण शिंप्याची लेक. ती माझ्या कानात म्हणाली, "हे ठिगळ आमच्या दादांचं न्हाई. टाका बघ केवढा मोठा."

"पुढं काय चाललंय?" मी विचारलं.

"मला काय दिसून राह्यलं? एक पाठ आन् दोन कान."

मागच्यांना दिसत नव्हतं म्हणून त्यांनी मधल्यांना रेटलं, मधल्यांनी पुढच्यांना. सर ओरडले, "ढकलू नका!" तोवर कोणाचं तरी कोपर बाटलीला लागलं होतं. अॅसिड सांडलं ते नेमकं गावातल्या मोठ्या जमीनदार घरच्या पोराच्या पायजम्यावर. तो आधी हसला. मग पायजम्याला भोकं पडायला लागली, तसा त्याचा चेहरा बदलला. सरांनी पाण्याची घागर उचलली आणि त्याच्यावर रिकामी केली. मग दुसरी. "काढ! काढून टाक तो!" ते ओरडले. त्यानं ओढला तसा पायजमा चिंध्या होऊन हातात आला. आम्ही मुलींनी भिंतीकडं तोंड केलं. निदान घरी आम्ही तसं सांगितलं.

मांडी नुसती लाल झाली, त्यावर भागलं. पण दुसऱ्या दिवशी त्या पोराचे आजोबा काठी टेकत शाळेत आले. गावभर त्यांना आबा म्हणायचे. ते पायजम्याबद्दल बोलले नाहीत, मांडीबद्दलही नाही. वर्गाच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "आमच्या पोराच्या अंगावर पाणी कोणी टाकलं?"

त्या प्रश्नाचा अर्थ लहान मुलालाही कळत होता.

"मीच टाकलं," सर म्हणाले. "अॅसिडला थांब म्हणायला टाईम न्हवता, आबा."

आबांनी काठी जमिनीवर आपटली. ते पुढं काही बोलणार, तेवढ्यात नातू बाकावरून उठला. पायाला खोबरेल फासलेलं, अंगावर बापाचं धोतर दुमडून नेसलेलं. "आबा, सरनी पाणी न्हाई टाकलं असतं तर पाय गेल्ता माझा. घरी चला तुम्ही."

आबा गेले. त्यांना पटलं की नाही, मला माहीत नाही. मला वाटतं नसावं. पण प्रयोगशाळा उघडली, की तिथला रांजण भरायचं काम त्या दिवसापासून त्या पोरानं स्वतःकडं घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. आणि तो रांजण गळ्यापर्यंत भरायचा.

सर त्याच दिवशी बडे सरांकडं गेले. हेडमास्तरांना आम्ही बडे सर म्हणायचो. त्यांची खोली आमच्या वर्गाला लागून, मध्ये फळ्यांची भिंत. बोलणं ऐकू येण्यासाठी आम्हाला काहीच करावं लागायचं नाही, फक्त गप्प बसावं लागायचं. म्हणून ते बोलत असले की आमचा वर्ग शाळेतला सगळ्यात शिस्तीचा वर्ग असायचा.

"वर्गाचे चार गट करू, सर. एका टायमाला पंधरा पोरं. त्याच्यावर त्या खोलीत जागा न्हाई."

"मी एका चिंचेखाली चार वर्ग शिकवलेत," बडे सर म्हणाले. "एकाला काही झालं न्हाई."

"चिंचेखाली अॅसिड न्हवतं, सर."

"मंग अॅसिड बंद करा."

आम्ही तोंडावर हात दाबले. बडे सर माणूस वाईट नव्हते. गणित फार सुरेख शिकवायचे आणि कोणाची फी थकली तर वर्गात नाव घ्यायचे नाहीत. खरी अडचण वेगळीच होती. शाळेचं टाईमटेबल त्यांनी ऑफिसातल्या भिंतीवर स्वतःच्या हातानं ऑइलपेंटमध्ये रंगवलेलं होतं. प्रत्येक विषयाला वेगळा रंग, चौकटीला वेल, कोपऱ्यात कमळ. गट करायचे म्हणजे त्या भिंतीला हात लावायचा. ते देवळाचा कळस उतरवायला तयार झाले असते, पण ही भिंत नाही.

तेव्हा त्यांनी दुसरा उपाय केला. प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि किल्ली धोतराच्या कनवटीला खोचली. "आता कोणाला काही होणार न्हाई," ते म्हणाले. ते खरंच होतं.

पण सरांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला अंगणात नेलं आणि खडूनं जमिनीवर प्रयोगशाळा काढली. भिंती, खिडकी, टेबल, रांजण, अगदी आत उघडणारं दारही. "ही खोली बराबर तेवढीच है," ते म्हणाले. "पावलांनी मोजली मी. आता आत या. पंधराच. बाकीचे बाहेरून बघा."

परीक्षानळी म्हणून पऱ्हाटीच्या काड्या दिल्या, स्पिरिटचा दिवा म्हणून पणती, तीही न पेटवलेली. मग शिकवायला लागले. नळीचं तोंड कोणाच्या तोंडाकडं करायचं नाही. वास घ्यायचा तर नाक खुपसायचं नाही, हातानं वारा आपल्याकडं घ्यायचा. कोपर अंगाला. सांडलं तर ओरडायचं नाही, पाणी. आणि सगळ्यात जास्त वेळा, बाहेर पडायचं कसं. "दार आत उघडतं. सगळे दाराला चिकटले तर ते उघडणारच न्हाई. म्हणून मी दोन टाळ्या वाजवून 'कोरडं' म्हटलं की दाराजवळच्यानं पहिल्यांदा काय करायचं?"

"पळायचं!" पोरं ओरडली.

"न्हाई. एक पाऊल आत यायचं. मंग दार ओढायचं. मंग एकामागं एक."

ह्याला आम्ही कोरडं प्रॅक्टिकल म्हणायचो. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायचे. एक गाडीवान तर बैल उभे करून म्हणाला, "मास्तर, पोरं घर-घर खेळून राह्यली का?"

"हो," सर म्हणाले. "आत या, पण दारातून या."

मला ते कोरडं प्रॅक्टिकल फार आवडायचं. खडूच्या भिंतींना पाठी नव्हत्या. पंधराच्या गटात आम्ही मुली थेट टेबलाशी उभ्या राहायचो. मी काडी वाकडी धरली तर सर मलाच सांगायचे, माझ्या पुढच्या चौघांना नाही. माझी मैत्रीण तर इतक्या ऐटीत पणती विझवायची, की पेटलेलीच होती असं वाटावं.

थंडी पडली, कापसाची वेचणी जोरात आली आणि इन्स्पेक्शनची वर्दी आली. तालुक्याहून साहेब येणार होते. फळ्यांच्या भिंतीपलीकडं बोलणं सुरू झालं आणि आमचा वर्ग शिस्तीत बसला.

"साहेबांना प्रयोगशाळा दाखवायची," बडे सर म्हणाले. "ते अमोनियाचं कारंजं करा. छान दिसतं."

"अंगणात करतो, सर. मोकळ्या हवेत."

"मंग प्रयोगशाळा काय शोभेला है का? आत करायचं. आन् पूर्ण वर्ग आत पाहिजे. एकही पोरगं गैरहजर नको."

"सर, पूर्ण वर्ग आत मावणार न्हाई."

"मावतो. आत्तापर्यंत मावला."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माझ्या मैत्रिणीनं माझ्या दंडाला चिमटा काढला. मधल्या सुट्टीत ती म्हणाली, "बडे सर म्हणले न्हाई का, एकही गैरहजर नको. मंग आणू या की सगळ्यांना."

"सगळे म्हणजे?"

"सगळे."

वेचणीच्या दिवसांत आमचा तिसरा हिस्सा वर्ग रानात असायचा, म्हणून 'आत्तापर्यंत मावला' हे थोडंसं खोटंच होतं. मैत्रिणीला कोणाचं घर कुठं, कोण कोणाच्या रानात, हे सगळं पाठ होतं. सगळ्यांची कापडं तिच्याच घरी शिवायला यायची. आम्ही दोघी दोन दिवस फिरलो. "बडे सरांचा हुकूम है," एवढंच सांगायचो, आणि ते खोटंही नव्हतं. पायजमावाल्या पोरानं केदारखेड्याची बाजू सांभाळली. दिवाळीपासून शाळा सोडून पिठाच्या गिरणीवर बसलेला एक जण होता. तो म्हणाला, "माझं नाव कटलं असंल." मैत्रीण म्हणाली, "कटलं न्हाई. सदरा धुऊन ये."

इन्स्पेक्शनच्या दिवशी सर बडे सरांकडून किल्ली घेऊन सकाळीच प्रयोगशाळेत गेले. खिडकी सताड उघडली, दार उघडं राहावं म्हणून खाली वीट लावली, रांजण भरलाय ना ते बघितलं. नवसागर आणि चुना अगदी थोडा घेतला. आमच्याकडं बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. आम्ही संख्येनं बरेच वाढलेले दिसत होतो.

साहेब आले. धिप्पाड माणूस, बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. बडे सरांनी त्यांना मानाची खुर्ची दिली, ती नेमकी दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, म्हणजे टेबल नीट दिसावं. स्वतः शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "चला, सगळे आत या."

आम्ही आत जायला लागलो. बडे सर हसऱ्या चेहऱ्यानं बघत होते. पोरं येत राहिली. वेचणीची पोरं आली, बोटं बोंडांनी ओरखडलेली. गिरणीवाला आला, भुवयांत पीठ तसंच. बडे सरांचं हसू थोडं आकसलं. पोरं येतच राहिली. साहेबांनी पाय खुर्चीखाली घेतले. बडे सरांची पाठ भिंतीला लागली. दारात अजून आठ-दहा जण होते, ते नम्रपणे म्हणाले, "येऊ का, सर?"

साहेबांसमोर नाही कसं म्हणणार? "या," ते म्हणाले.

व्हरांड्यात सहावी-सातवीची पोरं बघायला जमली होती. त्यांचा गलका ऐकून बडे सर तिथूनच म्हणाले, "ए, ती वीट काढा आन् दार लावा!" सर टेबलामागून म्हणाले, "दार उघडंच राहू द्या." पण दाराजवळच्या पोरानं बडे सरांचा हुकूम आधी ऐकला होता. दार बंद झालं. त्याला टेकून मी उभी होते.

प्रयोग मात्र झकास झाला. उलट्या टांगलेल्या चंबूत तांबडं पाणी आपोआप वर उसळलं आणि वर जाताच निळं झालं. साहेब "वा!" म्हणाले. मागच्यांना दिसलं नव्हतं, त्यांनी उड्या मारल्या. उड्यांनी टेबल हाललं, शेजारची तापलेली नळी कलंडली, बूच उडालं आणि कल्हईवाल्याच्या भट्टीला येतो तो वास खोलीभर झाला, पण दसपट. डोळ्यांतून घळाघळा पाणी. कोणी तरी खोकलं, कोणी तरी ओरडलं, आणि सगळा वर्ग दाराकडं म्हणजे माझ्याकडं वळला.

तेवढा एक क्षण मला आमचा बेत बिलकुल आवडला नाही. दार माझ्या पाठीत रुतत होतं आणि पुढून माणसं. बडे सर कोपऱ्यातून ओरडत होते, "दार उघडा! जल्दी!" उघडणार कसं?

मग दोन टाळ्या वाजल्या. "कोरडं!"

सरांचा आवाज नेहमीसारखाच होता, अंगणात असायचा तसा. आणि गंमत म्हणजे पाय आपोआप थांबले. मी एक पाऊल आत रेटलं, माझ्या शेजारचीनं रेटलं, आमच्या पुढच्यांनी मागं सरून जागा दिली. फक्त वेचणीच्या पोरांना आणि गिरणीवाल्याला कोरडं माहीत नव्हतं. ते रेटतच होते. मैत्रिणीनं गिरणीवाल्याची कॉलर धरली आणि म्हणाली, "उभा राह्य, न्हाई तर सदरा फाडीन!" शिंप्याच्या लेकीनं असं म्हटल्यावर तो उभा राहिला. मी दार ओढलं. एकामागं एक, आम्ही बाहेर पडलो. सरांनी चिमट्यानं ती नळी उचलून रांजणात बुडवली आणि सगळ्यांत शेवटी, रडक्या डोळ्यांनी, बाहेर आले.

कोणाला काही झालं नाही. नाकं तेवढी वाहत होती. साहेब व्हरांड्यात रुमालानं डोळे पुसत बसले. बडे सरांची टोपी आतच राहिली होती. उघड्या डोक्यानं ते एकदम म्हातारे दिसत होते, मला वाईट वाटलं.

"हे दार आत उघडायचं कोणी ठरवलं?" साहेबांनी विचारलं.

"सरकीची खोली होती, साहेब," बडे सर म्हणाले.

"सरकीला पळावं लागत न्हाई."

मग साहेबांनी इकडं तिकडं बघितलं आणि नेमकं माझ्या मैत्रिणीला विचारलं, "काय गं बाई, ह्या खोलीत किती पोरं मावतात?"

"मावतात सगळे, साहेब," ती म्हणाली. "निघत न्हाईत."

साहेब मोठ्यानं हसले. हसता हसता परत खोकले. "आन् ते 'कोरडं' काय है?"

सरांनी त्यांना अंगणात नेलं. खडूच्या रेघा पुसट झाल्या होत्या, पण होत्या. एवढा धिप्पाड माणूस, पण खडूच्या दाराशी थांबला, नसलेली कडी काढली, दार आत ढकललं आणि आत गेला. खडूच्या टेबलाशी उभा राहून त्यानं हात पसरून जागेचा अंदाज घेतला. मागून बडे सर घाईघाईनं आले आणि सरळ चालत साहेबांपाशी गेले.

"बडे सर भिंतीतून आले!" सहावीतलं एक पोरगं किंचाळलं. त्या दिवशी पहिल्यांदाच आख्खी शाळा हसली, आणि थोड्या वेळानं बडे सरही.

साहेब काय लिहून गेले ते आम्हाला कळलं नाही. कळायची गरजही पडली नाही. पुढच्या रविवारी शाळेवरून जाताना ऑइलपेंटचा वास आला. आम्ही दोघींनी खिडकीतून डोकावलं. बडे सर स्टुलावर चढून विज्ञानाच्या हिरव्या चौकटीचे चार तुकडे करत होते. आम्हाला बघून म्हणाले, "कमळ तसंच ठेवलंय." आम्ही म्हणालो, "छान दिसतं, सर." सुतारानं दार बाहेर उघडेल असं फिरवून दिलं. वेचणीची पोरं रानात गेली. गिरणीवाला मात्र कशी कोण जाणे शाळेतच राहिला.

पहिल्या गटात आम्ही सगळ्या मुली, आणि उरलेल्या जागी बारकी पोरं. बडे सरांचा हिशोब असा, की पोरी सामान फोडत नाहीत. आम्ही पहिल्याच दिवशी दोन नळ्या फोडल्या.

पण मोरचूद आम्ही स्वतः तापवलं. निळे खडे, नळी तिरकी, तोंड भिंतीकडं. हळूहळू निळा उतरला आणि पांढरी पूड राहिली. मग सर म्हणाले, "गार होऊ दे. आता एक थेंब पाणी." मी टाकला, आणि पांढऱ्यात निळं परत आलं, माझ्या हातात, माझ्या नाकासमोर, मध्ये कोणाचीही पाठ नसताना. मी ओरडलेच.

दारात बडे सर उभे होते. आत येऊ का म्हणून त्यांनी एक पाय उंबऱ्यावर ठेवला.

"गट भरलाय, सर," सर अदबीनं म्हणाले.

बडे सरांनी पाय मागं घेतला. चवड्यांवर उभं राहून, मान ताणून ते बघायला लागले. मध्ये माझी मैत्रीण होती, चांगली उंच.

"काय झालं?" ते म्हणाले. "पोरी, मला सांग तरी, काय झालं?"